ओटी

खिडकीतला कूलर वाळ्याचा ओला वास फेकतोय,
आणि प्रांजल उके, इंटर्नशिपचा तिसरा आठवडा,
फाइल छातीशी धरून विचारते,
"मॅडम, या पेशंटला मॉडेल कोणतं लावायचं?"

लावायचं.
मलम लावतात तसं, कुलूप लावतात तसं.
मीही असंच विचारलं होतं एकदा,
तेव्हा सरांनी उत्तर न देता
खडू ठेवला होता हातावर.

मी फळ्यावर तीन वर्तुळं काढते :
माणूस. भोवताल. काम.
एकमेकांवर सरकलेली,
मधे चिंचोक्याएवढी जागा.
"आपण इथं बसायचं," म्हणते,
आणि माझं मलाच हसू येतं.
नागपुरात, मे महिन्यात, एवढ्याशा जागेत?

मग तिला पार्बताबाई सांगते.
पार्बताबाई नंदेश्वर, वय त्रेपन्न,
उजवी बाजू गेलेली आणि परत येत असलेली,
उसने पैसे यावेत तशी, हप्त्याहप्त्यानं.
धंदा : लांब रोट्या, उपड्या मडक्यावरच्या.
पिठाची धार मनगटावरून कोपरापर्यंत झुलवत न्यायची
आणि खाली पडायच्या आत निखाऱ्यावरच्या मडक्यावर टाकायची.
तीस वर्षं इंदोऱ्यातली पंगत तिच्याशिवाय उठली नाही.

'भूमिका' या रकान्यात मी लिहिलं : रोटी करणारी.
'इच्छा' हा रकाना त्याच्या वरच होता.
तोही मीच भरला,
माझ्या सुबक अक्षरात.

आधी शंकू, मग खुंट्या, मग ओला टॉवेल पिठासारखा,
मग खरंच पीठ, आणि तिच्या नवऱ्यानं
सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेलं मडकं.
सगळं चढत्या क्रमानं. सगळं पुस्तकाबरहुकूम.
ती करायची. आकडे वाढायचे.
डोळे बाहेरच्या कडुनिंबात.

पाचव्या सोमवारी मडकं फुटलं.
पडलं की पाडलं, ते मी नोंदवलेलं नाही.
खापरांकडे पाहत ती म्हणाली,
"बाई, तुमी मले एकदा तरी इचारलं काय?
तीस वर्सं हात भाजले माये.
जिंदगीत पयली सुट्टी भेटली,
थे तुमी काऊन रद्द करता?"

"मग काय हवंय?"

डाव्या हातानं पदर ओढत राहिली बराच वेळ.
"निऱ्या.
सून घालून देते रोज. चांगली हाये पोरगी.
पण खोचताना
भित्तीकडं पाह्यते."

वेल्क्रो सुचवलं. "कुत्र्याच्या पट्ट्यावानी," म्हणाली.
मग कपड्यांचे चिमटे, टेबलाची कड,
गुडघ्यांत धरलेलं कापड.
पाचवी निरी सुटायची. रोज पाचवीच.
एका रविवारी मी घरी गेले,
एकच खोली, सात माणसं,
आणि दाराची कडी उजवीकडे, उंच.
सुतारानं ती डावीकडे खाली आणली.
साठ रुपये.
माझ्या साऱ्या शिक्षणातलं
ते सगळ्यात अचूक काम असावं.

आमच्या विभागाला सगळे ओटी म्हणतात.
निम्मी माणसं ऑपरेशन थिएटर समजून येतात
आणि शंकू पाहून परत जातात.
पार्बताबाईला मात्र वाटायचं,
ओटी म्हणजे ओटी,
बाईच्या पोटाशी, निऱ्यांच्या वर
पदरात धरतात ती.
मी कधी दुरुस्त केलं नाही.

"म्हणजे मॉडेल चुकलं?" प्रांजल विचारते.
नाही गं. त्यानं एक रकाना रिकामा सोडला होता.
तो रिकामा असणं माझ्याच्यानं बघवलं नाही.

ती फळा पुसायला उठते. राहू दे म्हणते.
बाहेर बाकावर कळमन्याचा हमाल बसलाय, बावीसचा,
पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांनी फिरवतोय.
प्रांजल धावायला निघते.
मी तिची ओढणी धरते :
थांब. फाइल इथंच ठेव.
आधी जाऊन नुसती बस त्याच्या शेजारी.